काम बाहेर गेलं, युनियन काय करते? कंत्राटीकरणावरच्या वाटाघाटींबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कामगार अभ्यासवर्गात, द्वारसभेनंतर चहाच्या टपरीवर आणि हल्ली फोनवर तेच तेच प्रश्न येतात. चाकणच्या फिटरचा प्रश्न आणि हिंजवडीच्या टेस्टरचा प्रश्न वरवर वेगळा दिसतो, पण थोडं खोदलं की एकाच जागी येतो: निर्णय कोण घेतो, आणि तो घेण्याआधी आपल्याला बोलावतात की नंतर? उत्तरं सुटी वाचता येतील अशी लिहिली आहेत. जिथे धागा दुसरीकडे जातो, तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. आउटसोर्सिंग, कंत्राटीकरण आणि ऑफशोरिंग हे सगळं एकच ना?

नाही, आणि फरक कळला नाही तर युनियन चुकीचं हत्यार उपसते. काम कंपनीबाहेरच्या कुणालाही देणं म्हणजे आउटसोर्सिंग, आपल्याच आवारात ठेकेदाराला देणं म्हणजे कंत्राटीकरण, आणि देशाबाहेर नेणं म्हणजे ऑफशोरिंग. कँटीन, सफाई, मेंटेनन्स ठेकेदाराला दिलं की काम त्याच गेटच्या आत राहतं, फक्त मालक बदलतो. कॉल सेंटर लंडनहून बंगळूरला गेलं की कामच उठून जातं. पहिल्या प्रकारात संपाला धार असते, कारण कारखान्याचं कँटीन कुणी हंगेरीला नेऊ शकत नाही. दुसऱ्या प्रकारात संप केला तर मालक म्हणतो, बरं झालं, तसंही बंदच करायचं होतं. म्हणून तिथे सूचनेची मुदत, पुनर्नियुक्ती आणि भरपाई यांवर जोर द्यावा लागतो. तिसराही एक प्रकार आहे: कंपनी तीच, पण काम तिच्याच दुसऱ्या देशातल्या कारखान्यात. त्याची गोष्ट प्रश्न ४ मध्ये आहे.

२. काम बाहेर द्यायचं ठरलं तर कंपनीला युनियनशी बोलावंच लागतं का?

देशावर अवलंबून आहे, आणि सगळा खेळ इथेच आहे.

अमेरिकेत याचा पाया एका कागद-पुठ्ठ्याच्या कंपनीच्या खटल्यात घातला गेला. १९५९ साली कॅलिफोर्नियातल्या फायबरबोर्ड कंपनीनं करार संपायला चार दिवस राहिले असताना युनियनला सांगितलं, की मेंटेनन्सचं काम आम्ही बाहेर देतोय, आता तुमच्याशी नवा करार करण्यात अर्थ नाही. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. १९६४ मध्ये निकाल लागला: तेच काम, त्याच जागी, फक्त दुसऱ्याच्या माणसांकडून करून घ्यायचं असेल, तर आधी युनियनशी वाटाघाटी करणं बंधनकारक. कामगारांना मागच्या पगारासह परत घ्यावं लागलं. पण १९८१ मध्ये त्याच न्यायालयानं फर्स्ट नॅशनल मेंटेनन्स खटल्यात दार अर्धं लोटलं. धंद्याचा एखादा भाग निव्वळ आर्थिक कारणानं बंदच करायचा असेल, तर त्या निर्णयावर बोलायची सक्ती नाही. बोलायचं ते फक्त परिणामांवर, म्हणजे भरपाई वगैरे. तेव्हापासून अमेरिकी कंपन्यांचे वकील काम बाहेर देण्यालाही 'धंद्याची दिशा बदलणं' म्हणू लागले.

जर्मनीत पगाराचा करार युनियन करते, पण कंपनीत निवडून आलेली कामगार परिषद वेगळी असते. २० हून अधिक कर्मचारी असलेल्या कंपनीत मोठा बदल होणार असेल, तर व्यवस्थापनाला परिषदेशी आधी बोलावं लागतं. परिषद निर्णय रोखू शकत नाही. लांबवू मात्र शकते, आणि भरपाईचा सामाजिक आराखडा लवाद मंडळाकडून वसूल करू शकते. मालकाला घाई असते, तेव्हा लांबवण्याचीही किंमत मिळते.

स्वीडनचा १९७६ चा सहनिर्णय कायदा आणखी पुढे जातो. आपला कर्मचारी नसलेल्या कुणाकडून काम करून घ्यायचं असेल, तर कंत्राट देण्याआधी करार असलेल्या युनियनशी बोलावं लागतं. त्या कंत्राटामुळे कायदा किंवा सामूहिक करार मोडणार असेल, तर केंद्रीय युनियनला नकाराधिकार आहे. तो रोज वापरला जात नाही. पण तो आहे हे ठाऊक असल्यामुळे टेबलावरची भाषा बदलते.

भारतासाठी प्रश्न ९ पाहा.

३. युनियन टेबलावर नेमकं मागते काय? 'आउटसोर्सिंग बंद करा' एवढंच?

द्वारसभेत एवढंच. मागणीपत्रात बरंच काही असतं: अमुक विभागांचं काम बाहेर जाणार नाही, जाणार असेल तर इतके महिने आधी लेखी सूचना, खर्चाचे आकडे दाखवा आणि तेच काम त्याच खर्चात करून दाखवायची आम्हाला एक संधी द्या, सक्तीची कपात नाही, दुसऱ्या विभागात जागा आणि प्रशिक्षण, ठेकेदाराच्या माणसांना समान कामाला समान पगार.

यातली शेवटची मागणी मला सगळ्यात हुशार वाटते. कंत्राटी माणूस स्वस्त पडला नाही, तर कंत्राट द्यायचं निम्मं कारणच उरत नाही. ऑस्ट्रेलियानं २०२३ च्या अखेरीस हेच कायद्यात आणलं. पुरवठादार कंपनीमार्फत आलेल्या कामगारांना मूळ कंपनीच्या कराराइतका पगार मिळावा, असा आदेश युनियन तिथल्या फेअर वर्क कमिशन या कामगारविषयक आयोगाकडे मागू शकते. असे आदेश नोव्हेंबर २०२४ पासून लागू होऊ लागले.

४. आम्ही पगार कमी घ्यायला, तास वाढवायला तयार झालो तर काम वाचेल का?

हा प्रश्न विचारणाऱ्याच्या आवाजात नेहमी थकवा असतो, म्हणून उत्तर सविस्तर देतो.

२००४ मध्ये जर्मनीत सीमेन्सनं बोखोल्ट आणि कांप-लिंटफोर्ट इथल्या मोबाइल फोनच्या कारखान्यांतली सुमारे २,००० कामं हंगेरीला न्यायची तयारी केली. आय. जी. मेटाल ही देशातली सर्वांत बलाढ्य युनियन. तिनं ३५ तासांचा आठवडा लढून मिळवला होता. इथे तिनंच ४० तासांवर सही केली, तेही पगारात वाढ न घेता. नाताळचा आणि सुट्टीचा ठरलेला बोनसही सोडला. बदल्यात दोन वर्षांची हमी मिळाली.

पुढच्याच वर्षी सीमेन्सनं मोबाइलचा धंदाच तैवानच्या बेनक्यूच्या हाती दिला. सप्टेंबर २००६ मध्ये बेनक्यूच्या जर्मन कंपनीनं दिवाळखोरी जाहीर केली. कामं गेलीच, वर कमी पगाराची दोन वर्षंही गेली.

याच्या शेजारी नोकियाची गोष्ट ठेवा. जानेवारी २००८ मध्ये नोकियानं बोखुमचा कारखाना बंद करून रोमानियातल्या क्लुजला न्यायचं जाहीर केलं. २,३०० लोक. इथे कामगारांनी सवलत देऊन काम वाचवायचा मार्ग फार काळ धरला नाही. शहर रस्त्यावर उतरलं, राजकारण्यांनी आपले नोकिया फोन टाकून दिले, आणि अखेर २० कोटी युरोंच्या सामाजिक आराखड्यावर समझोता झाला. कारखाना गेला, पण माणसं रिकाम्या हातानं गेली नाहीत. क्लुजचा कारखाना तरी टिकला का? २०११ मध्ये नोकियानं तोही बंद करायचं जाहीर केलं.

म्हणजे सवलत कधीच देऊ नये? तसं मी म्हणणार नाही. काही ठिकाणी सवलतींनी कारखाने वाचले आहेत. पण सवलतीच्या बदल्यात गुंतवणूक मागा. शब्दावर विसंबू नका. नवं मॉडेल, नवी लाइन, मशीनची ऑर्डर असं काही तरी हवं, जे उचलून नेणं मालकाला महाग पडेल. आणि कंपनी विकली गेली तर काय, हे आधी लिहून घ्या (प्रश्न १४).

५. गेलेलं काम संपानं परत आलं, असं एखादं तरी उदाहरण आहे का?

आहे. २०१६ मध्ये अमेरिकेत व्हेरायझन या टेलिफोन कंपनीचे जवळपास ४०,००० कामगार सुमारे दीड महिना संपावर होते. कॉल सेंटरची कामं फिलिपीन्स आणि मेक्सिकोला जाणं हा त्यांचा एक प्रमुख मुद्दा होता. सी. डब्ल्यू. ए. या युनियनचे प्रतिनिधी संप चालू असताना मनिलाला गेले आणि तिथल्या कॉल सेंटरमधल्या कामगारांना भेटले. 'आमची कामं चोरणारे' म्हणून नव्हे, तर तुम्हाला किती देतात हे विचारायला. समझोत्यात पूर्व किनाऱ्यावर कॉल सेंटरच्या १,३०० नव्या जागा निर्माण करायचं कंपनीनं मान्य केलं.

दुसरं उदाहरण दक्षिण आफ्रिकेचं. २०१५ मध्ये फीवाढीविरुद्ध विद्यार्थी रस्त्यावर आले, तेव्हा त्यांनी सफाई, बागकाम, कँटीनच्या कंत्राटी कामगारांची मागणीही उचलली. केपटाउन विद्यापीठानं ऑक्टोबरमध्ये ही कामं पुन्हा स्वतःकडे घ्यायचं मान्य केलं, जोहान्सबर्गच्या विट्स विद्यापीठानंही तेच केलं. वर्षानुवर्षं युनियनला जे एकटीला जमलं नव्हतं, ते विद्यार्थी सोबत आल्यावर काही आठवड्यांत झालं.

६. पगार ठेकेदार देतो, पण सगळं ठरवते कंपनी. मग आम्ही थेट कंपनीशी वाटाघाटी करू शकतो का?

सर्वांत जास्त वेळा येणारा प्रश्न हाच. बहुतेक देशांत प्रामाणिक उत्तर 'कायद्यानं नाही, दबावानं हो' असं आहे. ठेकेदार म्हणतो, कंपनी रेट वाढवत नाही, मी कुठून देऊ? कंपनी म्हणते, ही माझी माणसंच नाहीत. मधल्या मध्ये मागणीपत्र दोन टेबलांच्या फटीत पडतं.

ही फट कायद्यानं बुजवायचा सर्वांत ताजा प्रयत्न दक्षिण कोरियाचा. ऑगस्ट २०२५ मध्ये तिथल्या संसदेनं 'पिवळं पाकीट कायदा' मंजूर केला. कामाच्या अटींवर ज्याचा प्रत्यक्ष ताबा, तोही मालक, मग करार कुणाशीही असो. त्यामुळे उपकंत्राटदाराच्या कामगारांची युनियन मूळ कंपनीला टेबलावर बोलावू शकते. अंमल मार्च २०२६ पासून. संपाबद्दल कामगारांवर प्रचंड नुकसानभरपाईचे दावे लावण्यावरही त्यात मर्यादा आहेत, आणि नाव तिथूनच आलं. सांगयाँग मोटरच्या संपकऱ्यांना न्यायालयानं ४.७ अब्ज वॉन भरायला सांगितले, तेव्हा २०१४ मध्ये लोकांनी पिवळ्या पाकिटांत ४७,००० वॉन, म्हणजे त्या रकमेचा एक लाखावा भाग, घालून पाठवायला सुरुवात केली. कोरियात पूर्वी पगार पिवळ्या पाकिटात मिळायचा.

कायदा नसताना काय होतं, ते पॅरिसमधल्या इबिस बातिन्योल हॉटेलात दिसलं. खोल्या साफ करणाऱ्या, बहुतेक आफ्रिकी वंशाच्या बायका उपकंत्राटदाराकडे होत्या. जुलै २०१९ मध्ये त्यांनी संप पुकारला आणि हॉटेलच्या दारातच ठिय्या दिला, म्हणजे ठेकेदाराच्या ऑफिससमोर न बसता गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसमोर बसल्या. २२ महिन्यांनी समझोता झाला. पगार वाढले, कामाचा वेग कमी झाला. हॉटेलची थेट नोकरी मात्र मिळाली नाही. त्यांच्यातल्या राशेल केके २०२२ मध्ये खासदार झाल्या.

७. कायम कामगारांची युनियन आमच्यासाठी का भांडत नाही? आमच्या जिवावर त्यांचा करार होतो असं वाटतं.

वाटतं ते अनेकदा खरं असतं. ह्युंदाई मोटरमध्ये १९९८ च्या कपातीनंतर कायम कामगारांच्या युनियननं २००० मध्ये करार केला. त्यात उपकंत्राटी कामगारांचं प्रमाण १६.९ टक्क्यांपर्यंत मान्य केलं. हिशेब साधा होता: पुढची मंदी आली की आधी ते जातील. एकाच लाइनवर गाडीचं उजवं चाक कायम कामगार बसवणार, डावं कंत्राटी, आणि पगारात मोठी तफावत. २०१० मध्ये कोरियाच्या सर्वोच्च न्यायालयानं हे बेकायदा कामगार-पुरवठ्याचं प्रकरण आहे असं म्हटलं. तरी कंपनी हलेना, तेव्हा दोन कामगार उल्सानच्या कारखान्याबाहेर विजेच्या मनोऱ्यावर चढले आणि २९६ दिवस वरच राहिले. पुढे टप्प्याटप्प्यानं हजारो कामगार कायम झाले.

उलट उदाहरणही द्यायला हवं. आय. जी. मेटालनं २०१० मध्ये जर्मन पोलाद उद्योगाच्या करारात पुरवठादाराकडून आलेल्या कामगारांना समान पगार मिळवला, म्हणजे आपल्या सभासदांच्या वाढीसोबत बाहेरच्यांची मागणी जोडून. हा परोपकार नव्हता. गेटच्या आत स्वस्त माणूस उभा असला की पुढच्या वाटाघाटीत कायम माणसाचीच किंमत उतरते, हे त्यांना उशिरा का होईना उमगलं.

८. दुसऱ्या कंपनीच्या कामगारांनी आमच्या पाठिंब्यासाठी काम बंद केलं तर चालतं का?

ब्रिटनमध्ये चालत नाही. ब्रिटिश एअरवेजनं १९९७ मध्ये विमानातल्या जेवणाचं काम बाहेर दिलं, ते गेट गुरमे कंपनीकडे गेलं. ऑगस्ट २००५ मध्ये या कंपनीनं सुमारे ६७० कामगारांना काढलं, काहींना तर कर्ण्यावरून ओरडून. बहुतेक लंडनमधल्या साउथॉलच्या पंजाबी बायका. हीथ्रो विमानतळावरचे ब्रिटिश एअरवेजचे सामान चढवणारे त्याच घरांतले, त्याच गल्ल्यांतले. त्यांनी काम थांबवलं आणि एक लाखाहून अधिक प्रवासी अडकले. कायद्यानं तो पाठिंब्याचा संप बेकायदा, म्हणून युनियनला जाहीरपणे अंग काढून घ्यावं लागलं. मालक दोन, कुटुंब एक, आणि कायद्याला फक्त मालक दिसतात.

अमेरिकेत १९४७ पासून असाच अडसर आहे. स्वीडन-डेन्मार्कमध्ये पाठिंब्याची कृती कायदेशीर आहे.

९. महाराष्ट्रात कंत्राटी कामगार इतकी वर्षं काम केल्यावर आपोआप कायम होतो ना?

नाही. हा समज १९९६ च्या एअर इंडिया निकालापासून राहिला आहे. तेव्हा सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं होतं, की कंत्राटी पद्धतीवर बंदी आली की कामगार मूळ मालकाचे होतात. २००१ मध्ये 'सेल' या सरकारी पोलाद कंपनीच्या खटल्यात पाच न्यायमूर्तींच्या पीठानं ते फिरवलं. आपोआप कायम होणं नाही. मात्र कंत्राट निव्वळ देखावा आहे, हुकूम-हजेरी-शिस्त सगळं कंपनीच्याच हातात आहे, असं औद्योगिक न्यायाधिकरणात सिद्ध केलं तर हक्क मिळतो. त्याच वर्षीच्या सिप्ला निकालानं आणखी एक वाट बंद केली. मालक-कामगार नातंच वादग्रस्त असेल तर महाराष्ट्राच्या अनुचित कामगार प्रथांच्या १९७१ च्या कायद्याखाली थेट तक्रार करता येत नाही. आधी नातं सिद्ध करा.

सिद्ध करता येतं का? मुंबईत कचरा वाहतूक श्रमिक संघानं केलं. महापालिकेनं सफाईची कंत्राटं छोट्या छोट्या तुकड्यांत दिली होती, म्हणजे कंत्राटी कामगार कायदा लागू व्हायला लागणारी किमान २० कामगारांची मर्यादा गाठलीच जाऊ नये. २०१४ मध्ये न्यायाधिकरणानं २,७०० कामगार पालिकेचेच ठरवले, २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ते कायम केलं. त्यानंतरही अनेकांचं घोडं कागदपत्रांतल्या नावांच्या फरकावर अडलं. म्हणून प्रत्येक अभ्यासवर्गात सांगतो: गेटपास, हजेरीची चिठ्ठी, सुपरवायझरचा व्हॉट्सअ‍ॅप मेसेज, काहीही फेकू नका.

ती २० ची मर्यादा महाराष्ट्रानं पुढे ५० केली, आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झालेल्या श्रमसंहितेतही ५० च आहे. संहितेत 'मुख्य कामा'साठी कंत्राटी पद्धतीला मनाई आहे, पण अपवादांची यादी इतकी ऐसपैस आहे की खरी लढाई त्या यादीवरच होणार.

१०. मी हिंजवडीत आयटीत आहे. कामं तर आमच्याकडे येतात, मग युनियनशी माझा काय संबंध?

२००३ मध्ये एचएसबीसी बँकेनं ब्रिटनमधली ४,००० कामं भारत, चीन, मलेशियाला न्यायचं जाहीर केलं. त्याच वर्षी बीटी या ब्रिटिश टेलिफोन कंपनीच्या कामगारांची युनियन भारतातल्या कॉल सेंटरविरुद्ध एक मोठा गुलाबी फुगवलेला हत्ती घेऊन देशभर फिरली. त्या कथेत आपण दुसऱ्या टोकाला होतो आणि खूश होतो. पण जे काम स्वस्ताईमुळे आलं, ते स्वस्ताईमुळेच मनिलाला किंवा पोलंडच्या क्राकूला जातं, आणि आता काही काम कुठेच न जाता मशीन करतं.

'इंजिनीअरला कामगार कायदा लागत नाही' हेही सरसकट खरं नाही. न्यायालय हुद्दा बघत नाही, प्रत्यक्ष काम बघतं. कर्नाटकात आयटी कर्मचाऱ्यांची युनियन २०१७ पासून आहे. तिच्याकडे सामूहिक करार नाहीत. एकेका राजीनाम्याच्या सक्तीविरुद्ध ती कामगार आयुक्तांकडे जाते. सुरुवात अशीच होते.

११. आउटसोर्सिंग बेकायदा ठरलं तर नोकरी परत मिळते ना?

क्वांटासच्या कामगारांना विचारा. नोव्हेंबर २०२० मध्ये कोविडच्या आडून या ऑस्ट्रेलियन कंपनीनं विमानतळांवरच्या सुमारे १,७०० जणांचं सामान हाताळायचं काम बाहेर दिलं. युनियन कोर्टात गेली: पुढच्या करारात आम्ही संप करू शकू, ही शक्यता मारण्यासाठीच हे केलं. सप्टेंबर २०२३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं एकमतानं युनियनच्या बाजूनं निकाल दिला. कामगारांसाठी १२ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलर भरपाई, २०२५ मध्ये वर ९ कोटींचा दंड, त्यातले ५ कोटी युनियनला. नोकऱ्या मात्र परत मिळाल्या नाहीत. ती मागणी खालच्या न्यायालयानं आधीच फेटाळली होती.

१२. आउटसोर्सिंगवर सरळ बंदी घातलेला देश आहे का?

मेक्सिको, जवळपास. २०२१ च्या सुधारणेनं माणसं पुरवण्याचं कंत्राट बंद झालं. कंपनीच्या मुख्य धंद्याबाहेरच्या विशेष सेवा तेवढ्या चालतात, त्याही सरकारी नोंदणी करून. तिथे कामगारांना नफ्यात कायदेशीर वाटा असतो, आणि तो चुकवायला कंपन्या सगळी माणसं वेगळ्या कागदी कंपनीत ठेवत असत. ब्राझील नेमका उलट गेला. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं मुख्य कामासकट काहीही बाहेर देता येईल असं ठरवलं.

१३. ठेकेदार बदलला, नवा आला. जुन्यांचं काय?

ब्रिटनमध्ये कंत्राट एका कंपनीकडून दुसरीकडे गेलं की त्या कामावरची माणसं त्याच अटींसह सोबत जातात. २००६ च्या नियमात हे स्पष्ट आहे. आपल्याकडे असं आपोआप होत नाही. नवा ठेकेदार 'सगळे नव्यानं फॉर्म भरा' म्हणतो आणि सेवेची वर्षं शून्य होतात. मूळ कंपनीशी दबावानं केलेल्या समझोत्यात 'ठेकेदार बदलला तरी कामगार आणि सेवाज्येष्ठता कायम' एवढी एक ओळ घालून घेतलेल्या युनियन आहेत. पगारवाढीपेक्षा ती ओळ जास्त कामाला येते.

१४. करार चालू असतानाच कंपनीनं काम हलवलं. करारात तसं करायला मनाई नव्हती. हा करारभंग नाही का?

अमेरिकेत मिल्वॉकी स्प्रिंग प्रकरणात हेच घडलं. करार चालू असताना कंपनीनं असेंब्लीचं काम युनियन नसलेल्या कारखान्यात नेलं. तिथल्या कामगार मंडळानं १९८४ मध्ये सांगितलं: काम इथेच राहील असं करारात कुठे लिहिलंय? लिहिलेलं नव्हतं. आपल्याकडेही व्यवस्थापन हाच प्रश्न विचारतं.

तेव्हा पुढच्या करारात विभागांची नावं घालून लिहा, 'सध्याची कामं' असं मोघम नको. सूचनेची मुदत दिवसांत लिहा. कंपनी, विभाग किंवा ब्रँड विकला, वेगळा काढला, विलीन केला तरी करार नव्या मालकावर बंधनकारक राहील, हे वाक्य बोखोल्टच्या कामगारांची (प्रश्न ४) आठवण ठेवून घाला. आणि सही करताना मराठी आणि इंग्रजी प्रती शेजारी ठेवून वाचा. 'शक्यतो' हा शब्द एका प्रतीत असतो, दुसरीत नसतो.